बाकापाशी वाकलेले मास्तर

आप्पा, गेल्या जूनमध्ये मी भरल्या सभेत उभी राहून बोलले. लातूरच्या ज्या शाळेत माझी नात जाते, तिथं पालकांची सभा होती. सुनेला बँकेतून सुटी मिळाली नाही म्हणून मुलाबरोबर मी गेले. संस्थेचे सचिव माईक हातात धरून सांगत होते की यंदापासून नववी-दहावीला मुली वेगळ्या आणि मुलं वेगळी बसतील. मुलींची शाळा सकाळी, मुलांची दुपारी. दिवस कसे आलेत ते तुम्ही जाणताच, आम्हाला तुमच्या लेकींची फिकीर आहे, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी तर बसल्या जागी हात जोडले. मला मात्र कुणी जरा जास्त गोड बोलायला लागलं की आधी शक येतो. हा गुण तुमच्याकडूनच आला. दुकानात एखादा म्हणाला, "आप्पा, तुमच्यासारखा देवमाणूस न्हाई," की तुम्ही हसत हसत आधी गल्ला लोटून बंद करायचा. तर मी उठले, पदर सावरला आणि विचारलं, "ते सगळं खरं. पण पोरींना गणित कोण शिकवणार?"

लोक हसले. सचिवही हसले. म्हणाले, "आजी, तेच सर शिकवणार. सर बदलणार नाहीत, फक्त वेळ बदलणार." मुलानं खालून माझा पदर ओढला. "आई, बस की. लोक बघायलेत." मी बसले. आणि मग तोच उठला, आप्पा. म्हणाला, गणिताचे सर वयानं तरुण आहेत, लग्न व्हायचंय, तेव्हा मुलींच्या वर्गात त्यांचा तास असेल तेव्हा दाराशी एक बाई बसवावी, आणि सरांनी फळ्याजवळच उभं राहून शिकवावं, बाकांमध्ये जायचं कारण नाही. पुन्हा टाळ्या. या वेळी जास्त जोरात. मी त्याच्याकडं बघत राहिले. तुम्ही गेलात तेव्हा तो जन्मलाही नव्हता. तुमचा फोटो सोडून त्यानं तुमचं काही पाहिलेलं नाही. तरी ती वाक्यं तुमची होती, सुरासकट.

म्हणून हे लिहायला बसले. संध्याकाळची पूजा आटोपली आहे, विभूती कपाळावर अजून ओली आहे, घरात कुणी नाही. जुन्या कॅलेंडरची पानं मी फाडून ठेवते, त्यांची मागची बाजू कोरी असते. घरखर्च त्यावरच लिहिते, आज तुम्हाला लिहिते आहे. तुमच्यासमोर मी कधी प्रश्न विचारला नाही. विचारायची सोयच नव्हती. तुम्ही कधी रागावला नाहीत, हात उगारला नाही, पण तुम्ही "बरं" म्हणालात की बोलणं संपायचं.

सातवीपर्यंत मी पोरांच्या शाळेत होते हे तुम्हाला आठवत असेल. निलंग्याच्या पुढं, सरहद्दीकडच्या आपल्या गावात तेव्हा तेवढी एकच शाळा. आम्ही मोजक्या पोरी भिंतीकडच्या एका ओळीत बसायचो. गुरुजींनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही एकीचा हात वर जायचा नाही, कारण हात वर केला की मागून कुणीतरी बांगड्यांचा आवाज काढायचं. मग गावात मुलींची शाळा निघाली आणि आठवीला तुम्ही माझा दाखला तिकडं नेला. खरं सांगते, आप्पा, मला त्या शाळेचं सुख झालं. तिथं मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. खो-खो खेळताना पडले, गुडघा फुटला, तरी कुणाला लाज वाटली नाही. प्रार्थनेला वचन म्हणायचा मान मला होता. सगळ्या फळ्यावर, सगळ्या वर्गावर आमचंच राज्य. त्यामुळं पोरींना वेगळं बसवायचं म्हटलं की माझी सून चिडते तशी मी चिडत नाही. ती म्हणते, "आत्या, मग पोरांना नीट वागायला शिकवणार कधी? बंद कुणाला करायचं, पोरींनाच?" तिचं चूक नाही. पण मी दोन्ही शाळांत बसलेली आहे. मला भिंतीचा राग नाही. भिंत घातल्यावर काय पलीकडं राहून गेलं, ते बघायला मी उठते.

आमच्या पलीकडं गणित राहिलं. मुलींच्या शाळेत गणिताला बाई मिळेना. तेव्हा मुलांच्या हायस्कुलातले एक मास्तर आपले तास संपवून सायकलवरून आमच्याकडं यायचे. पायजमा-शर्ट, केस पिकत आलेले, शर्टाच्या खिशाला लाल पेन्सिल. फळ्यावर एक उदाहरण सोडवायचे आणि मग बाकाबाकांमधून फिरायचे. ज्या पोरीचं अडलं तिथं थांबून वाकायचे, तिच्या वहीत नेमक्या त्या पायरीखाली लाल रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "इथंवर तू बरोबर आलीस. इथून पुढं वाट चुकली." कधी "चुकलं" एवढंच म्हणाले नाहीत. आधी कुठवर बरोबर ते सांगायचे. मला बीजगणित यायला लागलं. इतकं यायला लागलं की कुठवर बरोबर आहे ते मीच आधी ओळखायची.

आता त्या दिवसाचं. मास्तर आपल्या दुकानात आले. मी आतल्या खोलीत, पडद्यामागं, आईबरोबर, आपल्या अव्वाबरोबर, डाळ निवडते आहे. तुम्ही म्हणता, "या मास्तर, बसा. चहा ठेवा गं आत." मास्तर बसत नाहीत. उभ्यानंच म्हणतात, "आप्पा, तुमच्या पोरीचं डोकं गणितात चालतंय. मॅट्रिक झाली की तिला उदगीरला नाहीतर लातूरला पाठवा. सायन्सला घाला. वाया घालवू नका." तुम्ही म्हणता, "बरं." मग त्यांना चहा देता, निघताना गुळाची ढेप बांधून देता, पायरीपर्यंत पोचवायला जाता. अव्वाच्या हातातलं सूप थांबलेलं आहे. मी डाळीत बघून हसते आहे. वेडी कुठली.

त्यानंतर आठवडा गेला नसेल. आम्ही वर्गात आहोत, मास्तर माझ्या बाकापाशी वाकून माझ्याच पेन्सिलीनं काहीतरी दाखवतायत, आणि खिडकीत तुम्ही उभे. हातात डबा. साऱ्या आयुष्यात तुम्ही माझ्या शाळेत डबा घेऊन आला नव्हता. मुख्य बाईंना म्हणालात, पोरगी डबा विसरली. आप्पा, मी डबा विसरले नव्हते. माझा डबा माझ्या पिशवीत होता. तुम्ही आणलेला उघडला तर त्यात नुसती भाकरी, कोरड्यास काही नाही. अव्वानं बांधलेला नव्हताच तो. तुम्ही स्वतः बांधला होता, घाईनं.

रात्री जेवताना तुम्ही अव्वाला म्हणालात, "मास्तर पोरींच्या बाकापाशी वाकतो." अव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, "वाकल्याबिगर वही कशी दिसल वो?" तुम्ही ताटात हात धुतलात. दुसऱ्या दिवशी गावातले आणखी तिघं-चौघं बाप घेऊन तुम्ही शाळेच्या कमिटीकडं गेलात. मुलींच्या शाळेत पुरुष मास्तर नको, असं ठरलं. मास्तरांवर कुणी काही आळ घेतला नाही, तेवढं इमान तुम्ही राखलंत. पण सायकल यायची थांबली. शिवणाच्या बाई गणिताला आल्या. बिचाऱ्या गाईडमधून उतरवून द्यायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो. कुठं वाट चुकली ते त्यांनाही दिसायचं नाही आणि आम्हालाही. मॅट्रिकला मी गणितात काठावर निघाले. तुम्ही गावभर पेढे वाटलेत. मग लातूरच्या घरून मागणी आली. मुलगी मॅट्रिक पास हवी, पुढं शिकवायची गरज नाही. सगळं कसं जुळून आलं.

मला एवढंच विचारायचं आहे. तुम्हाला भीती कशाची वाटली? मास्तर वाकले त्याची, की मास्तर दुकानात येऊन जे बोलून गेले त्याची? पहिली असेल तर तुम्ही बाप होतात, मी समजून घेईन. दुसरी असेल तर तो डबा तुम्ही मला नाही, स्वतःला पटवायला आणला होता. अव्वाला मी एकदा विचारलं होतं, ती अंथरुणाला लागली तेव्हा. ती छताकडं बघत म्हणाली, "तेवढं मला बी सांगितलं न्हाई त्यांनी." मग म्हणाली, "पण डबा बांधताना ते लई वेळ चुलीपाशी उभे हुते." याचा अर्थ मी दोन्हीकडून लावून बघितला आहे. दोन्हीकडून लागतो.

असो. इकडचं सांगते. दिवाळीपर्यंत नातीची गणिताची गाडी घसरली. आठवीपर्यंत पोरगी धडाधड उदाहरणं सोडवायची, आता वही उघडली की जांभया. सून म्हणाली, हिला नांदेडला माझ्या भावाकडं पाठवू, तिकडं चांगले क्लास आहेत, पोरं-पोरी एकत्र बसतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. मुलगा म्हणाला, परगावी पोर ठेवायची नाही. आणि मग, अगदी सहज, पेपर वाचता वाचता म्हणाला, "गणित जमत नसेल तर कशाला ताण द्यायचा पोरीला? अकरावीला आर्ट्सला घालू. बरं असतंय." पोरगी मान खाली घालून म्हणाली, "चालेल पप्पा." तिचं ते "चालेल" मी ओळखते. लातूरची मागणी आली तेव्हा पडद्यामागून मीही तेच म्हटलं होतं.

मी तिला एकटीला धरलं. "काय गं, सर शिकवत नाहीत का?" म्हणाली, "शिकवतात की. फळ्याला शिकवतात." मला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. मग मी तुमचीच युक्ती केली. सोमवार होता, देवळातून परस्पर शाळेत गेले आणि दारातल्या शिपायाला म्हटलं, नात डबा विसरली. व्हरांड्यातून खिडकीशी जाऊन उभी राहिले. आप्पा, पोरगी खोटं बोलत नव्हती. चष्मा लावलेला पोरगेला मास्तर वर्गाकडं पाठ करून फळ्याशी बोलत होता. लिहायचा, पुसायचा, लिहायचा. दाराशी ऑफिसातल्या एक बाई खुर्ची टाकून मोबाईल बघत बसलेल्या. एका मुलीनं विचारलं, "सर, ते तिसऱ्या पायरीला चिन्ह का बदललं?" तो फळ्याकडंच बघत म्हणाला, "पुन्हा बघा, समजेल." मान वळवली नाही. मागच्या बाकावर दोघी वेणी घालत होत्या, तेही त्याला दिसलं नाही. माझी नात वहीत काहीतरी उतरवून घेत होती, मान खाली घालून, मेंढरासारखं. तास संपल्यावर मला बघून म्हणाली, "आजी, माझा डबा तर माझ्याजवळ आहे." म्हटलं, "माहीत आहे मला."

त्या मास्तराला मी जिन्यात गाठलं. "लेकरा, वळून का बघत न्हाईस पोरींकडं?" तो घाबरला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "आजी, रूल हाय. बाकांत जायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"मान वळवू नको असं तर सांगितलं न्हाई ना?"

"न्हाई. पण कोण कधी काय म्हणल सांगता येत न्हाई. मुखेडकडचा हाय मी. आई-बाबा दोघंबी माझ्यावर हायती. एकीकडं बघितलं तर म्हणतील हिच्याकडंच का बघतो. त्यापरीस फळा बरा."

"आणि दुपारी पोरांच्या वर्गात?"

तो जरा हसला. "तिथं फिरतो की. कान पिळतो, वह्या बघतो."

म्हणजे तेच सर, तेच गणित, सचिव खोटं बोलले नव्हते. फक्त दुपारी तो शिकवत होता आणि सकाळी राखण सोसत होता. मला त्याची कीव आली. आणि लगेच, सवयीनं, शकही आला, की हा जरा जास्तच गरीब होऊन बोलतोय, एवढं सालस माणूस असतं का कुठं. महादेवापुढं बसले की माझं मन धुतल्यासारखं होतं, आणि देवघरातून बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा तसंच. या वयात आता काय बदलणार.

मी तशीच मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "तुमच्या दाराशी बसायला बाई हवी ना? मी बसते. पण मी बसले की सरांनी बाकांमधून फिरायचं, वह्या बघायच्या. एखादा बाप तक्रार घेऊन आला तर त्याला माझ्याकडं पाठवा." बाईंनाही शक आला. म्हणाल्या, "आजी, तुम्हाला यातून काय हवंय?" म्हटलं, "भिंतीकडची खुर्ची. पंख्याखाली मला सोसत नाही." त्या हसल्या तेव्हा मला कळलं की नियम त्यांनाही आवडलेला नव्हता. फक्त पालकांसमोर नको म्हणायला त्यांना कुणी सोबत नव्हतं.

घरी मुलानं आकांडतांडव केलं. "आई, तू रोज शाळेत जाऊन बसणार? लोक काय म्हणतील?" म्हटलं, "लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तूच खूश झाला होतास. आता त्यांनी काही म्हटलं तर तेही ऐक." तो म्हणाला, मी पोरीच्या भल्यासाठीच बोललो होतो. म्हटलं, "मला माहीत आहे. तुझ्या आजोबांचंही तेच म्हणणं होतं." त्याला काही कळलं नाही. सुनेला कळलं. तिनं मुकाट्यानं माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली आणि नांदेडचं नाव परीक्षेपर्यंत काढायचं नाही, असं कबूल केलं.

तर आता मी नववीच्या मुलींच्या वर्गात बसते. सकाळची पूजा जरा लवकर करते. पहिल्या दिवशी पोरी खुसखुसल्या, "आजी, तुमचा रोल नंबर किती?" मी म्हटलं, "माझं नाव कटलेलं आहे, मी फुकट बसते." सर फळ्याशी उभे, खडू हातात, माझ्याकडं बघतायत. मी मान हलवली. ते एक पाऊल खाली उतरले, मग दुसरं. पहिल्या बाकापाशी गेले आणि लांबूनच, हात मागं बांधून वही वाचायला लागले. काही दिसेना बिचाऱ्याला. आठवड्याभरानं हात सुटले. आता सर्रास फिरतात, रागावतात, वेणी घालणाऱ्या पोरींना पुढं आणून बसवतात. नातीचं अजून पूर्ण सावरलेलं नाही. पण परवा घरी तिनं सहज म्हणावं तसं बापाला सांगितलं, "पप्पा, आर्ट्सचं आत्ताच ठरवू नका." मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी पोळीला तूप लावत होते, लावत राहिले.

घरातली सगळी म्हणतात, आजीनं मोठं काम केलं. बाई म्हणतात, तुमच्यामुळं वर्ग मोकळा झाला. हे पत्र मी घडी करून कॅलेंडरच्या पानांत ठेवणार आहे, ते कुठं जायचं नाही. म्हणून तुम्हाला तेवढं सांगायला हरकत नाही, जे बाकी कुणाला सांगितलेलं नाही. ज्या दिवशी सर पहिल्यांदा माझ्या नातीच्या बाकापाशी वाकले, त्यांनी तिच्या वहीत खूण केली, ती "अरे हां!" म्हणाली, सगळा वर्ग हसला. ओठांत माझं नामस्मरण चालू होतं. पण वहीत काय चुकलं होतं ते मला विचाराल तर माहीत नाही, आप्पा. मी वही बघितलीच नाही. मी सरांचा हात बघत होते, तो कुठं जातो ते. अजूनही रोज तोच बघते.